झिलेपुरती जागा

कौसल्याबाई, परवा तुमच्या संगीताला हळद लागली. तिथं काय झालं ते तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. आणि पहिल्यापासून सांगतो, कारण मला मधूनच सांगता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याशी बोलताना माझं मले-तुले चालायचं. कागदावर मात्र माझी मराठी शाळेतल्यासारखी सरळ बसते. हसू नका.

तुम्ही माझ्या दुकानासमोर मासळी घेऊन बसायच्या, तेव्हापासूनची आपली भांडणं. सिंदेवाहीच्या बाजारात एवढी जागा पडलेली, पण तुमचं टोपलं माझ्या दारातच. कॅसेट भरायला आलेलं गिऱ्हाईक आधी तुमचे झिंगे बघायचं, मग माझ्या कॅसेटी. मी ओरडलो की तुम्ही म्हणायच्या, "अजी सत्तारभाऊ, मासोळीच्या वासानं तरी लोकं तुमच्या दुकानात येऊन राह्यले. नाईतं कोन येते इथी?" आणि उठताना एक मरळ पानात गुंडाळून गल्ल्याशेजारी ठेवून जायच्या. त्यामुळे माझी बायको नेहमी तुमच्याच बाजूनं बोलायची.

तो दिवस मला आठवतो. बाजार उठला होता. तुम्ही हात धुतले, पदराला पुसले आणि दुकानाच्या आत आलात. आत कधी यायच्या नाहीत. मी नागपूरहून जुना कॉम्प्युटर आणला होता, मागच्या खोलीला गोणपाट ठोकून रेकॉर्डिंग करायला लागलो होतो, याची तेव्हा गावभर चर्चा होती. तुम्ही त्या खोलीकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, माझं गानं भरून द्याल काय?"

मी म्हटलं, "तुमचं? काऊन?"

मग तुम्ही सांगितलं. संगीताचं लग्न जमलं होतं. नवरा गेल्यापासून तुम्हाला कोणी हळदीच्या मांडवात पुढं येऊ देत नव्हतं. आजूबाजूच्या गावांत तुमच्याशिवाय हळद उतरायची नाही असा एक काळ होता. तुम्हा ढिवरांच्याच काय, कुणाच्याही मांडवात तुम्ही ओळ उचलायची आणि पन्नास बायांनी मागून झील धरायची. ओळीचा शेवट उचलून परत म्हणायचा, एवढंच झिलेचं काम, पण ती मिळाली नाही तर गाणं पुढं सरकत नाही. तुमचं कपाळ रिकामं झालं आणि त्याच बाया गप्प झाल्या. एका लग्नात तुम्ही मांडवाच्या मागं बसून सवयीनं ओळ उचलली, आणि कोणीच झील दिली नाही. ते सांगताना तुम्ही रडला नाहीत. नखातला मासळीचा खवला काढत बसला होतात.

"लेकीच्या हळदीत मले उभं राहू देनार नाई," तुम्ही म्हणालात. "तोंड नाई दाखवत मी. पन आवाजाले कुठी कुंकू लागते जी?"

आमच्यात तरी बायांना काय मोकळीक आहे, म्हणून मी शहाणपणा शिकवणार? मी म्हटलं, उद्या दुपारी या.

मशीनचा मला फार गर्व होता, आणि पहिल्याच दुपारी तिनं माझं नाक कापलं. तुमचा कोरडा आवाज तुमच्या कानावर गेला आणि तुम्ही दोन शब्दांतच थांबलात. "हा कोनाचा आवाज हाय? मेल्यावानी?" बरोबरच होतं. जन्मभर तलावाच्या बांधावर, पारीवर उभं राहून गायलेली बाई. तुमचा आवाज पाण्यावरून जाऊन फिरून यायचा. गोणपाटाच्या खोलीत तो कुठून फिरणार? मी म्हटलं, थांबा, ईको टाकतो. आपल्याकडं ईको म्हणजे गाण्याचं मीठ. टाकला. आणि आवाज तुटायला लागला. टक्, टक्. शब्द अर्धा यायचा, अर्धा मशीन खाऊन टाकायची. "हळद" म्हटलं की "हद" ऐकू यायचं.

पुढचे कितीतरी दिवस मी त्या मशीनशी लढलो. वायरी बदलल्या. कॅबिनेट उघडून टेबलफॅन लावला. पडद्यावरचं हलणारं चित्र बंद केलं, व्हायरसवालं बंद केलं, घड्याळसुद्धा बंद करून टाकलं. लाइट कमीजास्त होते म्हणून वीजवाल्यांना शिव्या घातल्या, त्यांची त्यात काही चूक नव्हती. तुम्ही रोज यायच्या, हेडफोन उचलायच्या आणि म्हणायच्या, "चला, घाला माझे कानातले." एकदा म्हणालात, "मालक गेल्यापासून कानात काई घातलं नव्हतं, तं तुमी हे एवढे मोठे दागिने घातले." आणि खो खो हसलात. मला हसू आलं नाही. आज येतं.

शेवटी नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, तुझी मशीन म्हातारी आहे, ईको करता करता दमते. बफर वाढव. बफर म्हणजे काय ते त्यानं इंग्रजीत सांगितलं. मी हो हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ विचार करत बसलो. मग तुम्हाला समजावताना मलाच समजलं. म्हटलं, "बाई, हे बोडीसारखं आहे. धानाच्या बांधीच्या डोक्यावर पानी साठवाची बोडी लहान असली, तं धानाले पानी तुटत तुटत जाते. बोडी मोठी केली, तं धार तुटत नाई. पन मोठी बोडी भरायले वेळ लागते, म्हणून पानी उशिरा पोचते."

तुम्ही विचारलंत, "म्हनजे माझा आवाज बोडीत थांबून मंग कानात येईन?"

"हो."

"थांबू द्या नं. मले कुठी जायाचं हाय."

तेव्हापासून आपण बफर म्हटलंच नाही. बोडी लहान करा भाऊ, बोडी मोठी करा भाऊ. दुकानात आलेले लोक चक्रावायचे.

मी बोडी पार मोठी केली. आवाज तुटायचा थांबला. तुम्ही पहिली ओळ घेतली:

हळद ओली गं, हात ओला,
लेक पारीच्या पल्याड चालली.

आणि थांबलात. मला वाटलं, पुढचं विसरल्या. खुणेनं विचारलं, काय झालं? तुम्ही हातानंच मला गप्प केलं. डोळे मिटलेले. मग पुढची ओळ. परत थांबलात. असं सबंध गाणं. एक ओळ, मग थांबणं. मी कपाळावर हात मारून घेतला. मशीन तुटायची थांबली, तर आता बाई तुटायला लागली!

दुसऱ्या दिवशी मी अक्कल लढवली. आमच्या जुन्या कव्वाली पार्टीची ईकोची पेटी माळ्यावर पडली होती, ती काढली. तुमचा आवाज त्या पेटीतून सरळ कानात दिला, कॉम्प्युटरला फक्त भरायचं काम ठेवलं. ना बोडी, ना वाट बघणं. आवाज गोल, गुंजणारा, आणि जागच्या जागी. मला वाटलं, आता तुम्ही खूश होणार.

तुम्ही एक ओळ म्हटली. मग हेडफोन काढून हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलंत, "थे बाई कुठी गेली?"

"कोण बाई?"

"जे माझ्या मागून म्हनत होती, थे."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बाई, तो तुमचाच आवाज होता! बोडीत अडकून उशिरा येऊन राह्यला होता! तो बिघाड आहे, बिघाड! मी दिवसरात एक करून तो काढला, आणि तुम्ही..."

"मले मालूम हाय माझा आवाज हाय," तुम्ही शांतपणे म्हणालात. "मी काय येडी हाय काय? पन भाऊ, माझी ओळ सरली का थे मागून शेवट धरत होती. लेक पारीच्या पल्याड चालली... चालली. इतके सालं झाले, मले कोनी झील नाई देल्ली. तुमच्या मशीननं देल्ली. बोडी मोठी करा."

मी पेटी काढून आवाज परत कॉम्प्युटरमधून फिरवला आणि बोडी मोठी केली. पाठ तुमच्याकडे करून केली, कारण मला तोंड दाखवायचं नव्हतं. मग तुम्ही गायलात. बाई, तसं गाणं मी आयुष्यात भरलं नाही. प्रत्येक ओळीनंतर तुम्ही थांबत होतात, मान जराशी तिरपी करून, शेजारी कोणी उभं असावं तशी. आणि त्या कोणाचं तरी म्हणून झालं की पुढची ओळ उचलत होतात.

भरून झाल्यावर ऐकायला बसलात, आणि तिथंच आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. स्पीकरमधून तुमची ओळ आली आणि मग काहीच नाही. ओळ, आणि शुकशुकाट. तुम्ही माझ्याकडे बघितलं. मला सांगावं लागलं, की ती मागून म्हणणारी फक्त तुमच्या कानात होती. मशीननं भरलेली नाही. भरलाय तो तुमचा एकटीचा आवाज.

मी घाईघाईनं म्हटलं, काळजी करू नका, प्रत्येक ओळीचा शेवट कापतो, मागं चिकटवतो, त्याला ईको देतो, दहा बाया म्हणतात असं वाटेल. मला सगळं येतं. तुम्ही म्हणालात, "नको."

"नको म्हणजे?"

"जागा राहू द्या. कोनी म्हनन."

"कोण म्हणेल? त्याच बाया? ज्यांनी तुम्हाला मांडवाच्या मागं बसवलं?"

"राहू द्या जी."

मी चिडलो. खूप चिडलो. म्हटलं, भोंग्यातून एक ओळ येईल आणि मग शांतता, परत ओळ, परत शांतता. लोक म्हणतील सत्तारची मशीन तुटते! मी एवढे दिवस डोळ्याची पापणी लवते एवढी फट बुजवत बसलो आणि तुम्ही मला ओळ-ओळभर खड्डे ठेवायला सांगता? तुम्ही टोपलं उचललं. दारात थांबून म्हणालात, "तुमचा आवाज मोठा हाय भाऊ, ईको नाई लागत तुमाले." आणि गेलात. पुढच्या बाजाराला या विषयावर बोलू, असं मी मनात ठरवलं होतं. उत्तरंही तयार होती माझी.

पुढच्या बाजाराला तुमची जागा रिकामी होती. मला वाटलं, रागावल्या असतील. आणि मग कोणीतरी सांगितलं, की ताप डोक्यात गेला. मी दुकान उघडं टाकून सायकलवर निघालो. पोचलो तेव्हा तलावाच्या पारीखाली तुम्हाला माती देऊन माणसं परतत होती. मी एक मूठ माती टाकली आणि आलो. माझा राग मात्र गेला नव्हता, खरं सांगतो. माणसानं भांडण अर्धं टाकून जाऊ नये. मी कुणाशी भांडू आता? माझ्या बायकोशी? ती तर तुमचं नाव काढलं की पदर डोळ्याला लावते.

मग मी तुमचं ऐकलं नाही. गाणं उघडलं आणि जागा भरायला बसलो. तुमच्याच आवाजाचे तुकडे मागे लावले, एक जाड केला, एक बारीक, सगळ्यांवर ईको. मशीन लगेच रडायला लागली, टक् टक्. नागपूरचा तो माणूस म्हणाला, अरे, सगळ्यांचा ईको एकाच वेळी कशाला करायला लावतोस तिला? एकेका आवाजाला ईको देऊन तो ईकोसकट नव्यानं पक्का भरून घे, मग वरचा ईको बंद कर. तिला फक्त वाजवायचं काम उरेल. एवढंच होतं बाई. एवढ्यासाठी मी तुम्हाला इतक्या चकरा मारायला लावल्या. हे आधी कळलं असतं तर आपलं काम दोन दुपारींत झालं असतं. पण मग ती बोडीही झाली नसती आणि ती मागून म्हणणारी बाईही तुम्हाला भेटली नसती. म्हणून मी स्वतःला फार शिव्या घालत नाही.

गाणं एकदम साफ झालं. कुठं फट नाही, खरखर नाही. दहा कौसल्याबाई एकीमागं एक झील धरताहेत. मी ते एकदा ऐकलं आणि बंद केलं. चांगलं झालं होतं, पण मला ऐकवेना. एक बाई स्वतःच स्वतःला झील देते आहे, असंच सारखं वाटत होतं.

तेरावं झाल्यावर संगीता दुकानात आली. तारीख काढलेली होती, वरपक्ष मोडायला तयार नव्हता, लग्न उरकून घ्यायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, आईचं गानं हाय नं?" तिच्या मागं तुमची मोठी जाऊ उभी होती, यमुनाबाई. त्यांनीच तुम्हाला त्या लग्नात मांडवाच्या मागं बसवलं होतं, हे तुम्ही मला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मेल्या बाईचा आवाज हळदीत? असं नसते करत, पोरी." संगीतानं मागं वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "आईचा आवाज नसन, तं मी पाटावर बसत नाई. सांगून ठेवतो." तुमचीच पोरगी!

परवा मी भोंगा घेऊन गेलो. सीडीवर दोन्ही गाणी होती, एक मी जागा बुजवलेलं आणि एक तुमचं, जागा ठेवलेलं. कोणतं लावायचं हे मी रस्ताभर ठरवत होतो. मांडवात पोचलो तरी ठरलं नव्हतं. संगीता पाटावर बसली. बाया गोळा झाल्या, यमुनाबाईंच्या हातात हळदीची वाटी. सगळ्या गप्प. मेलेल्या बाईचं काहीतरी लागणार म्हणून कोणी पदर घट्ट धरला होता. मी बटणावर बोट ठेवलं आणि मला तुमचं "राहू द्या जी" ऐकू आलं. म्हटलं, घ्या बाई. तुमचं तुम्ही बघा.

हळद ओली गं, हात ओला, लेक पारीच्या पल्याड चालली.

आणि शांतता. जे व्हायला नको होतं तेच झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागून एक माणूस म्हणाला, "तुटला वाटते आवाज." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरी ओळ आली. परत शांतता. संगीता खाली बघत होती, तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. माझं बोट जागा बुजवलेल्या गाण्याच्या बटणाकडे गेलं होतं.

तिसरी ओळ आली आणि संपली, आणि यमुनाबाईंच्या तोंडून झील निघाली.

त्यांनी दिली असं मी म्हणणार नाही. निघाली. वाटीत बोटं बुडवलेली होती, लक्ष पोरीच्या गालाकडे होतं, आणि तुमची ओळ संपल्याबरोबर जिभेनं शेवट उचलला. किती वर्षं त्यांनी तुमच्या मागं झील धरली असेल. ती तोंडातून कुठं जाते? म्हटल्यावर त्या स्वतःच दचकल्या. हळदीचा हात तोंडावर ठेवला. पण तोवर एकीनं म्हटलं की दुसरीनं म्हणायचं, ही बायांची सवय. चौथ्या ओळीला पाच-सात जणी होत्या, आणि पुढच्या ओळीला मांडवातली एकही बाई गप्प नव्हती. तुम्ही ओळ घेत होतात, जेवढी जागा ठेवली होती तेवढ्यात त्या म्हणत होत्या, आणि तुम्ही बरोबर वेळेवर पुढची उचलत होतात. यमुनाबाईंच्या तोंडाला हळद लागलेली, डोळे वाहत होते आणि त्या सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होत्या. "कौसे, म्हन वं," असं मधेच ओरडल्याही. संगीता पाटावर बसून हुंदके देत हसत होती.

मीही म्हटलं. माझ्या आवाजाला ईको लागत नाही, तुम्हीच सांगितलंय.

भांडण तुम्ही जिंकलात, कौसल्याबाई. कबूल. पण माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो आता तुमच्यावर नाही. एवढं सोपं होतं. एवढं तोंडातल्या तोंडात होतं सगळ्यांच्या. जिवंत बाईला दिलं असतं तर काय बिघडलं असतं? हे मी मांडवात विचारलं नाही, लेकीची हळद होती. पण यमुनाबाईंच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, त्याही हेच विचारत होत्या.

तुम्हाला झील मिळाली, बाई. सगळ्या मांडवानं दिली. तुम्ही असायला पाहिजे होतं. मागं नाही, पाटाजवळ.